दहा नंबरचा पाना

१

वायर तुटली नव्हती. सैल होऊन निसटलीही नव्हती. कुणीतरी नट सोडवून ती काढली होती, टोकाला काळी टेप नीट गुंडाळली होती, नट परत जागेवर बसवला होता आणि वरची रबरी टोपी ओढून ठेवली होती. वरवर पाहणाऱ्याला काही कळू नये, इतकं ते काम स्वच्छ होतं.

क्षमा बोधनकर बॉनेटखालून बाहेर आली आणि तिनं ओढणीनं कपाळ पुसलं. ती मोटार विम्याची सर्व्हेयर होती. वर्षभर ती ठोकलेल्या गाड्या बघायची आणि त्या कशा ठोकल्या गेल्या याच्या थापा ऐकायची. दसऱ्याला जोडून तिनं चार दिवस रजा काढली होती, ती या दोन्हींपासून सुटका म्हणून. आणि आज सकाळी मावसबहीण निवेदिताचा फोन आला, "ताई, ताबडतोब ये. वरद घर सोडून चाललाय."

म्हणून ती आता रायपुरच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात पात्रीकरांच्या पोर्चमध्ये उभी होती.

"बॅटरीच गेली होती ना?" निवेदिताचा नवरा शिशिर मागून म्हणाला. "नवी टाकली, तीही गेली. नीलेशनं खराब माल दिला असणार."

"भैया, माल एकदम ओके आहे," बॅटरीचं दुकान चालवणारा नीलेश दुखावल्या आवाजात म्हणाला. "रात्रभर चार्ज करून आणली. चेक करून घ्या."

"शिशिरराव," क्षमा म्हणाली, "तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. खाली पंप आहे. पंपाची तार कुणी काढली तर नळ लगेच बंद पडतात का?"

"नाही. टाकीत असेल तोवर येतं."

"आणि टाकी रिकामी झाल्यावर तुम्ही काय करता? नवी टाकी आणता?"

शिशिरनं नव्या बॅटरीकडे पाहिलं.

"बॅटरी ही टाकी आहे. गाडी उठवायची, एवढंच तिचं खरं काम. एकदा इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर हा अल्टरनेटर फिरतो. हा पंप. दिवे, हॉर्न, एसी, सगळ्याला हाच वीज देतो आणि बॅटरीतून गेलेली परत भरतो. त्याची ही जाड वायर काढली, तर गाडी सुरू होते, मजेत चालते, आणि टाकी संपली की रस्त्यात बसते. या शहरात गाडी थांबली की सगळे बॅटरीच्या नावानं ओरडतात. बॅटरी बिचारी मधल्यामध्ये मार खाते."

"हेच तर वरदनं सांगितलं," निवेदिता हळूच म्हणाली.

"हेच तर," शिशिर म्हणाला. "घरात हे कळणारा तो एकटाच."

दाराशी एक निळी बॅग भरून ठेवलेली होती.

२

भानगड मुळात चावीची होती.

शिशिरचे वडील दत्तोपंत सिंचन खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. वय ऐंशी. गाडी अजून स्वतः चालवत. पितृपक्षात जेवणावळीच्या वेळी नातवानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आबा, अब बस करो. आपसे नहीं होता." त्यावर दत्तोपंतांनी पानावरूनच जाहीर केलं होतं, "ज्या दिवशी ही गाडी मले रस्त्यात सोडंल, त्या दिवशी चावी ठेवून देईन. तोवर कोणी बोलायचं नाही."

खंडेनवमीला वरदनं पूजेसाठी गाडी धुतली. बॉनेट उघडून इंजिनही पुसलं. साऱ्या पाऱ्यानं ते पाहिलं. दसऱ्याला सकाळी दत्तोपंत धाकट्या बहिणीला, वनमालाआत्यांना घेऊन नवा रायपुरला भाच्याकडे जेवायला निघाले आणि तिथल्या रुंद, सुनसान रस्त्यावर गाडी बसली. नीलेशनं जाऊन नवी बॅटरी बसवली. दत्तोपंतांनी घरी येऊन चावी देव्हाऱ्यात ठेवली आणि कुणाशी न बोलता आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी शिशिर तीच गाडी घेऊन अभनपुरला गेला. एसी भरपूर, गाणी चालू. परतताना गाडी पुन्हा बसली. मदतीला वरद गेला. त्यानं बॉनेट उघडलं, रबरी टोपी वर केली आणि म्हणाला, "पापा, ये किसी ने निकाला है."

तिथंच सगळं बिघडलं. बाप म्हणाला, आजोबांची चावी काढून घ्यायला तूच हे केलंस. आबांच्या पायावर डोकं ठेवून माफी माग. पोरगा म्हणाला, जे केलंच नाही त्याची माफी मागणार नाही. आज संध्याकाळच्या गाडीनं तो भिलाईला मित्राकडे चालला होता, आणि परत येणार नाही असं आईला सांगून.

"इंजिनीअरिंगला आहेस ना रे?" क्षमानं त्याला जिन्यावर गाठून विचारलं.

"तिसऱ्या वर्षाला." वरद मान खाली घालून बसला होता. मराठी कळत होतं, पण रागात त्याला हिंदीच सुचायची. "मौसी, एक बात बताओ. मैंने किया होता, तो मैं ही ढूँढ के क्यों दिखाता? चुपचाप वायर लगा देता. सब बोलते, नीलेश भैया की बैटरी ख़राब थी."

"हे बापाला सांगितलंस?"

"त्यांनी ऐकलं पाहिजे ना."

"तुझी हत्यारं दाखव."

त्यानं पलंगाखालून एक पेटी ओढली. सॉकेटचा नवा सेट, जागच्या जागी, तेलाचा वास येणारा. वरदला एक नट काढायचा असता, तर घरातल्या दुसऱ्या कुठल्याही पान्याला हात लावायची गरज नव्हती.

क्षमानं पेटी बंद केली. कारण मघाशी बॉनेटखाली तिला आणखी एक गोष्ट दिसली होती आणि ती तिनं अजून कुणाला सांगितली नव्हती. अल्टरनेटरच्या त्या नटाच्या कडांना लाल काहीतरी लागलं होतं. गंज नव्हता. तिनं बोटावर घेऊन वास घेतला होता.

ते कुंकू होतं.

३

"हत्यारांची पूजा आपल्याकडे नवमीलाच होते," निवेदिता सांगत होती. तिनं चहा पुढे केला. सकाळपासूनचा हा चौथा. "आबांचे सगळे पाने, पक्कड, मीटर, पाटावर ओळीनं मांडतात. हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आले की उतरवायचे. तोवर हात लावायचा नाही. एकदा ह्यांनी खिळा ठोकायला हातोडी उचलली होती, तर आबा जेवले नव्हते."

"आणि गाडीची पूजा?"

"तीही नवमीलाच. बॉनेटवर स्वस्तिक मी काढलं. स्टिअरिंगला कुंकू लावलं."

"आणि काट्यांच्या काचेवर?"

"काचेवर?" निवेदिता थांबली. "तिथं मी नाही लावलं."

क्षमा उठून पोर्चमध्ये गेली, निवेदिता मागोमाग. स्टिअरिंगमागच्या काचेवर, वेगाच्या काट्याच्या खाली डावीकडे, कुंकवाचा जाड टिळा होता. तेलात कालवलेला, घट्ट. गाडी दोनदा रस्त्यात बसून घरी आली तरी हललेला नव्हता. पूजेचा टिळा कोण पुसणार?

"याच्या मागे काय आहे, माहीत आहे का?"

"नाही गं."

"लाल दिवा. बॅटरीचं चित्र असलेला. अल्टरनेटर वीज देत नसला की तो पेटतो आणि सांगतो, बाबा रे, तू टाकीवर चाललायस, घरी जा. लाल दिव्यावर लाल टिळा. तुझा नवरा अभनपुरपर्यंत गाणी ऐकत गेला आणि त्याला काही दिसलं नाही." तिनं कप बॉनेटवर ठेवला, मग स्वस्तिक आठवून उचलला. "पाटाचा फोटो काढलास का?"

"काढला ना. ग्रुपवर टाकला."

फोटोत पाने लहानमोठ्या क्रमानं मांडलेले होते. प्रत्येकावर कुंकवाचं एक बोट आणि झेंडूची पाकळी.

"दसऱ्याला संध्याकाळी हे कुणी उतरवलं?"

"मीच. आबा तर खोलीतून बाहेर यायला तयार नव्हते." निवेदितानं फोटो जवळ घेऊन पाहिला. तिची भुवई वर गेली. "थांब गं. उतरवताना एका पान्यावर जास्वंद होतं. अख्खं. मला वाटलं, आत्यांनी वाहिलं. आणि त्याचं कुंकू ओलं होतं, माझ्या हाताला लागलं. बाकीच्यांचं तर वाळून उडालं होतं."

"कुठला पाना?"

"मला काय कळतं त्यातलं?" तिनं फोटोवर बोट ठेवलं. "डावीकडून हा."

क्षमानं फोटो मोठा केला. पान्याच्या दांड्यावर आकडा कोरलेला होता. दहा.

नटही दहाचाच होता.

४

संशय घ्यायला तीन माणसं होती, आणि तिघांवरही क्षमाचा सारखाच राग होता.

नीलेश आधीच बाद होता. गाडी पहिल्यांदा बसली त्यानंतर तो आला, आणि त्याला या घरातल्या पाटापर्यंत कोण जाऊ देणार? शिशिरला म्हाताऱ्याची चावी हवी होती हे खरं. पण ज्याला वायरचं ठाऊक आहे, तो दुसऱ्या दिवशी स्वतः तीच गाडी घेऊन, एसी लावून अभनपुरला कशाला मरायला जाईल? आणि वरद. त्यानं पूजेतला पाना उचललाही असता. पण तो परत ठेवताना नवं कुंकू लावून, वर फूल वाहून त्याची माफी तो मुलगा कशाला मागत बसेल? तो तर आरतीला मोबाइल बघत उभा राहायचा.

वनमालाआत्या पडवीत भाजी निवडत होत्या. क्षमा शेजारी बसली.

"आत्या, दसऱ्याचं सांगा. गाडी थांबली तेव्हाचं."

"आता आणखी काय सांगू? सगळ्यायले सांगून सांगून तोंड दुखलं." आत्यांनी मेथीची जुडी सोडली. "उकडून मेलो, बस. दादानं एसी लावलाच नाही. एरवी माघात पण लावते. मी म्हटलं, काहून रे, जीव घेतं का? तर म्हणे, काच खाली कर, मोकळी हवा खा."

"टेप? गाणी?"

"काही नाही. चूप बसून गाडी चालवून राहिला. मंग तो मोठा रस्ता लागला, तिथं करंजाचं झाड आहे, त्याच्या सावलीत थांबली."

"झाडाच्या बरोब्बर खाली?"

"हव. देवाचीच दया म्हणायची, उन्हात नाही थांबली. जवळच चहावाला होता. दादानं मले तिथं बसवलं."

"आणि मग?"

"मंग काय, दिवे लावून ठेवले. समोरचे, मागचे, चमकणारे, सगळे. मी म्हटलं, भरदिवसा दिवाळी लावली का? तर म्हणे, इथं पोट्टे गाड्या जोरात आणतात, दुरून दिसलो पाहिजे. माझा चहा झाला, दुसरा पण झाला. मंग चावी फिरवली, तर नुसतं कट-कट-कट. म्हणे, गेली बॅटरी. लावा फोन."

 क्षमानं मेथीची एक काडी उचलून मोडली.

"आत्या, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"काय?"

"गाडी थांबली ती बॅटरी संपली म्हणून. मग तेवढा वेळ ते दिवे कशावर जळत होते?"

आत्यांचा हात मेथीत तसाच राहिला. आतल्या खोलीचं दार, जे सकाळपासून बंद होतं, ते आतून कुणीतरी हळूच लोटलं.

५

दत्तोपंत पोर्चमध्ये आले ते काठीशिवाय, ताठ. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसले. क्षमा स्टिअरिंगमागे बसली. दोन्ही दारं लागली.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "बोल."

"आबा, गाडी बंद पडली नाही. तुम्ही बंद केली. सावलीत, कडेला, आत्यांना चहा मिळेल अशा जागी. एसी लावला नाही, कारण टाकी तिथवर पुरवायची होती. भर गर्दीच्या पचपेढी नाक्यावर गाडी बसली असती तर मागून कुणी धडकलं असतं. पोहोचल्यावर मात्र ती परत सुरू व्हायला नको होती, म्हणून दिवे जाळून उरलेली बॅटरी संपवली. दिवे पेटायला थोडकी वीज पुरते. इंजिन फिरवायला पुरत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

दत्तोपंत समोर बघत होते.

"टिळा आत्यांसाठी होता. त्या शेजारी बसणार. लाल दिवा दिसला असता तर रस्ताभर विचारत राहिल्या असत्या. आणि वायरच्या टोकाला टेप. जो गाडीचं वाईट करायला येतो, तो उघडं टोक कुठं चिकटून गाडी जळू नये म्हणून टेप लावत नाही. हे गाडीवर जीव असलेल्या माणसाचं काम आहे. पण हे सगळं मी सोडूनही दिलं असतं. ते जास्वंद नसतं वाहिलं तर."

"नवमीच्या पूजेतला पाना उचलला," दत्तोपंत म्हणाले. "दसऱ्याच्या पहाटे. चौसष्ट सालापासून ती पूजा करून राहिलो मी. तसाच कसा ठेवू?"

"मग नातवाचा दुसरा सेट होता घरात."

"चोरी करायची, ती पण दुसऱ्याच्या हत्यारानं?"

क्षमानं डोळे मिटून घेतले. वर्षभरात तिला शेकडो खोटारडे भेटत. आपल्या खोटेपणात एवढा शुचिर्भूत असा हा पहिलाच.

"काहून केलंत हे आबा?"

दत्तोपंतांनी धोतराचा सोगा मांडीवर ओढून घेतला. मोहल्ल्याजवळच्या तलावाकडून कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न आला.

"पोळ्याच्या आधी," ते म्हणाले, "तलावाच्या वळणावर एक पोट्टी सायकलनं आडवी आली. शाळेच्या कपड्यात. मले ती दिसलीच नाही. ब्रेक नाही मारला मी. तीच वळली, म्हणून वाचली. मागं पाहून हसली पण. घरी येऊन मी पोर्चमध्येच बसून राहिलो."

"सांगायचं होतं घरात."

"काय सांगायचं? डोळे गेले? आज चावी घेतील. उद्या म्हणतील, आबा, बँकेत एकटे जाऊ नका. परवा तलावावर फिरायला संगतीला माणूस देतील. मी पाहिलं आहे हे, शालिग्राम वकिलाच्या घरी. वर्षभरात त्याले पलंगावर बसवून वरण-भात भरवू लागले." त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले. "गाडीनं दगा दिला, म्हणून चावी ठेवली. यात माणसाची काही कमी नाही दिसत. सगळे म्हणाले असते, बॅटरी गेली. या गावात दुसरं कोणी काही म्हणतच नाही. मंग निवांत एक दिवस वायर जोडून टाकली असती."

"पण तुमच्या नातवाला खरं ते कळलं."

"हव. हुशार निघाला." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो त्यांना लपवता आला नाही.

"आणि तुम्ही खोलीत गप्प बसलात. त्याची बॅग भरली जाईपर्यंत."

"वाटलं, दोन दिवसांत निवळंल."

"निवळलं नाही."

"नाही," दत्तोपंत म्हणाले.

क्षमाच्या जिभेवर बरंच काही होतं. सुट्टीचं, चार कप चहाचं, नव्या बॅटरीचं. यातलं एकही तिनं काढलं नाही. "मी विम्यावाली आहे आबा, पोलीस नाही. मला कुणाला काही सांगायचं नाही. पण ती निळी बॅग अजून दाराशी आहे."

दत्तोपंतांनी दार उघडलं. एक पाय खाली ठेवला आणि पाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "वरद. चावी घेऊन ये रे देवाजवळची. आणि तुझ्या बापाले पण घेऊन ये."

सगळेच आले. शिशिर, निवेदिता, मेथीचे हात घेऊन आत्या. निघायच्या बेतात असलेला नीलेशही थांबला. दत्तोपंत परत सीटवर बसले, ताठ, आणि त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "वायर मी काढली." कारण सांगितलं नाही. शिशिरनं तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "तू नंतर बोल. पहिले पोराले म्हण, चुकलो."

शिशिर मुलाकडे बघत राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "चुकलो."

 वरदनं आपला सेट आणला, टेप सोडली, वायर बसवली आणि नट आवळला. बॉनेट बंद करून तो स्टिअरिंगमागे येऊन बसला. क्षमा त्याच्यासाठी उतरली होती.

दत्तोपंतांनी धोतराचा सोगा घेतला, काचेवर झुकले आणि तो टिळा पुसू लागले. तेलातलं कुंकू लवकर निघेना. पुसून झालं तेव्हा सोग्याला मोठा लाल डाग पडला होता.

"फिरव चावी," ते म्हणाले.

वरदनं अर्धी चावी फिरवली. लाल दिवा लागला. पूर्ण फिरवली, इंजिन एका दमात सुरू झालं आणि दिवा विझला.

"विझला का?" दत्तोपंतांनी विचारलं.

"सामने ही तो है, आबा. दिख नहीं रहा?"

दत्तोपंत काचेकडे बघत होते. काचेपासून त्यांचं नाक वीतभर अंतरावर होतं.

"म्हणून तर तुले विचारून राहिलो," ते म्हणाले.

वरदनं त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हात लांब करून त्यानं आजोबांच्या सीटचा पट्टा ओढला आणि लावून दिला.

"विझला, आबा," तो मराठीत म्हणाला. "चला, तलावापर्यंत एक चक्कर मारू."

"एसी लाव," दत्तोपंत म्हणाले. "दसऱ्याला फार उकडलं."